उतरणे, बिढार, बोर्डिंग : मराठी गद्यातील परक्या नगरीचा प्रवेश

हावडा-नागपूर लोहमार्गाने पूर्वेकडून येताना महाराष्ट्रातील पहिले स्थानक दरेकसा व त्यापुढचे सालेकसा होय. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेला हा तालुका १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडतो. येथे मराठीबरोबर गोंडी, पोवारी, छत्तीसगढी आणि हिंदी ऐकू येतात. जी मराठी ऐकू येते ती झाडीपट्टीची. शालान्त परीक्षेनंतर या भागातील विद्यार्थी पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत बसतो, नागपुरास उतरतो आणि वसतिगृह शोधतो. पदव्युत्तर वर्गात त्याच्या हाती ‘कोसला’ पडते. परगावाहून ऐतिहासिक नगरीत आलेल्या आणि वसतिगृहात राहिलेल्या तरुणाची ही मराठीतील सर्वांत प्रसिद्ध कथा त्याला स्वतःची वाटावयास हवी. पुष्कळदा ती तशी वाटत नाही. याचे कारण विद्यार्थ्याच्या रसिकतेत शोधण्याची आपल्या वर्गांना सवय आहे. ते ग्रंथात आणि ग्रंथावर लिहिल्या गेलेल्या समीक्षेतही शोधले पाहिजे, आणि शोधाचा आरंभ कथानकापासून न करता शब्दांपासून करणे अधिक फलदायी ठरेल.

परक्या गावी पोचलेल्या माणसाला मराठीत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कुठे उतरलात?’ हा. घोड्यावरून, गाडीतून खाली येणे हा ‘उतरणे’चा मूळ अर्थ, त्यातूनच तात्पुरता आश्रय घेणे हा अर्थ आला. या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, विचारलेला मनुष्य पाहुणा आहे. दोन, त्याला उतरवून घेणारे कोणी तरी आहे. गावात स्थिरावलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याला ‘कुठे राहता?’ असे विचारतात. आता वसतिगृहातील मुलाविषयी त्याच्या घरची माणसे कसे बोलतात ते पाहावे. तो पुण्याला ‘उतरला आहे’ असे ती म्हणणार नाहीत, आणि ‘राहतो’ असेही सहसा म्हणत नाहीत. ‘आमचा मुलगा पुण्याला असतो, हॉस्टेलला असतो’ असे म्हणतात. नुसते ‘असणे’. पाहुणाही नाही आणि रहिवासीही नाही, अशा अवस्थेला भाषेने वेगळे क्रियापद घडविले नाही. अस्तित्ववाचक क्रियापदावरच भागविले. मराठी गद्यातील नगरप्रवेशाचा इतिहास ‘उतरणे’पासून या ‘असणे’पर्यंतचा आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

या इतिहासाचा आरंभ महानुभाव वाङ्मयात सापडतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांचे भ्रमण आहे, आणि या भ्रमणाची नोंद मुक्कामांच्या रूपाने झालेली आहे. एका रात्रीचा मुक्काम ती ‘वसति’, त्याहून दीर्घ ते ‘अवस्थान’, बसण्याची जागा ते ‘आसन’, असा काटेकोर परिभाषाव्यवहार तेथे आढळतो. प्रतिष्ठानसारख्या, म्हणजे पैठणसारख्या, पुरातन नगरीत स्वामी आले की ते भोगनारायणाच्या देवळात राहिले हे प्रथम सांगितले जाते. नगरीचे वैभव सांगण्याची निकड संकलकाला वाटत नाही. पुढे ‘स्थानपोथी’ने तर या मुक्कामांचीच पोथी केली : देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्यात कोणत्या जागी आसन झाले, कोठे वसति झाली. प्रवासवर्णनाचा अभ्यासक अशा ग्रंथाकडे वळत नाही, कारण त्यात ‘वर्णन’ नाही. परंतु परक्या गावाशी येणारा पहिला संबंध हा पाठ टेकण्याच्या जागेशी असतो, दृश्याशी नसतो, ही गोष्ट या पोथीइतक्या निष्ठेने मराठीत पुन्हा कोणी नोंदविली नाही. सालेकशाच्या वाचकाला आणखी एक धागा जवळचा वाटेल. चक्रधरांच्या आरंभीच्या अनुयायांपैकी नीळभट्ट हा भांडारेकार, म्हणजे भंडाऱ्याचा. मराठीच्या आद्य गद्यात झाडीपट्टीचा प्रवेश झाला तो असा, एका मुक्कामाच्या निमित्ताने.

याच वाङ्मयात मुक्कामाच्या जागेला ‘बिढार’ असा शब्द वारंवार येतो. त्याचा संबंध कानडी ‘बिडार’शी जोडला जातो. पुढे वर्णविपर्ययाने त्याचे ‘बिऱ्हाड’ झाले, आणि अर्थही सरकला. बिढार ही वाटेवरची जागा होती. बिऱ्हाड हा भाड्याच्या जागेतला संसार झाला. विंचवाच्या म्हणीत तेवढा जुना, पाठीवर वाहून नेण्याजोगा अर्थ शिल्लक राहिला. ‘मुक्काम’ अरबीतून आला, ‘सराई’ फारसीतून. परक्या गावी टेकण्याच्या जागेसाठी मराठीने कानडी, अरबी, फारसी आणि पुढे इंग्रजी अशा चार दारांतून शब्द आत घेतले. पाहुण्यासाठी ठेवलेले शब्दही पाहुणेच असावेत, हा योगायोग मोठा मजेचा आहे. त्यावर सिद्धान्त उभारण्याचे कारण नाही.

गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये ‘उतरणे’ आपल्या पूर्ण अर्थाने भेटते. वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये चुलत्यासह उत्तरेकडे निघाला तो बायजाबाई शिंदे यांच्या नियोजित यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंड उसळले आणि भटजी त्याच्या मध्यावर सापडले. वृत्तान्त लिहिला गेला तो सुमारे पाव शतकाने, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून; वैद्यांच्या हातून फेरफार होऊन तो १९०७ मध्ये छापला गेला, आणि मूळ मोडी हस्तलिखिताधारे दत्तो वामन पोतदारांनी संपादिलेला पाठ १९६६ मध्ये वाचकांपुढे आला. इतिहासाभ्यासकांनी हा ग्रंथ झाशीच्या वेढ्यासाठी वाचला. त्यातील नगरप्रवेशाची रीत मात्र दुर्लक्षित राहिली. भटजी गावात शिरतात ते आपली विद्या हेच ओळखपत्र घेऊन. कोठे वैदिक आहेत, कोणत्या दरबारात ब्राह्मणांचा आदर होतो, कोणाच्या घरी दक्षिणी माणसाची सोय होईल, याची एक अलिखित यादी त्यांच्या मनाशी असते. ग्वाल्हेर, झाशी, काशी या नगरी त्यांना दूरच्या आहेत, परंतु पूर्ण परक्या नाहीत. उतरवून घेणारे मराठी घर तेथे आधीपासून उभे आहे.

म्हणूनच झाशीच्या प्रकरणाला जो करुण जोर आहे तो केवळ युद्धाचा नव्हे. शहर पडल्यावर ज्या घरात आश्रय मिळाला त्याच घरांत गोरे शिपाई शिरतात. आतिथ्याची जागा हीच धोक्याची जागा बनते. जमविलेली मिळकत जाते. ग्रंथसंग्रहाची राख झालेली पाहून भटजींना जे दुःख होते ते प्रवाशाचे नाही, घरच्या माणसाचे आहे. पाहुणा एखाद्या नगरीत केव्हा रहिवासी होतो, या प्रश्नाला ‘माझा प्रवास’चे उत्तर असे दिसते : तिच्या संकटात तेथून निघता आले नाही तर. नंतर भटजी गंगोदकाची कावड घेऊन वरसईला परततात. परतीचा हा मार्ग मोकळा असणे हेही ‘उतरणे’च्या अर्थातच येते. उतरलेला माणूस पुन्हा चढतो.

विद्यार्थ्याचे उतरणे मात्र जुन्या काळीही या रीतीचे नव्हते. वार लावून जेवणारा किंवा माधुकरी मागणारा मुलगा सात घरी जेवे आणि आठव्या घरी निजे. शहर त्याला घरांच्या ओळीच्या रूपाने कळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या ओळीच्या जागी संस्था उभी राहू लागली. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत निघाले व पुढच्या वर्षी पुण्यास गेले. तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे पुढे आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाई. त्यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) हे संस्थेत राहावयास गेलेल्या स्त्रीच्या मराठी गद्यातील अगदी आरंभीच्या नोंदींपैकी एक आहे, आणि त्यातील बोलकी, निःसंकोच भाषा अजून पुरेशी अभ्यासली गेलेली नाही. कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या पाठबळाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे निघत गेली. शिक्षणप्रसाराच्या दृष्टीने हे कार्य केवढे मोठे ते सांगावयास नको. वाङ्मयाच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा की नगरीत आलेला मुलगा प्रथम नगरीला भेटत नसे, नगरीत आधी येऊन राहिलेल्या आपल्याच समाजाला भेटे. भाऊराव पाटलांनी साताऱ्यास निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली आणली, तेव्हा ही ओळीची रीत मोडली. १९२५ च्या आरंभी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह उघडले. या सर्व संस्थांच्या पाट्यांवर जो शब्द पुढे रूढ झाला तो ‘वसतिगृह’. ज्या ‘वसति’चा अर्थ महानुभावांच्या परिभाषेत एका रात्रीचा मुक्काम होता, तीच संज्ञा चार-सहा वर्षांच्या वास्तव्याला आली.

‘कोसला’कडे या वाटेने आले म्हणजे तिचे वाचन बदलते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या या कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील सांगवीहून पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहात राहतो, अपयश घेऊन गावी परततो. समीक्षेने या कथेवर परात्मतेची मोहोर उमटविली. अस्तित्ववादाचा, सालिंजरच्या कादंबरीचा दाखला दिला गेला. हे सारे अप्रस्तुत आहे असे नाही. परंतु त्यामुळे वसतिगृह ही जागा वाचकाच्या नजरेतून निसटली. परात्मता कोठेही भोगता येते. भोजनगृहाचा हिशेब मात्र वसतिगृहातच चुकतो.

पांडुरंगाची पुण्यातील कहाणी बारकाईने पाहिली तर तो सतत काही ना काही सांभाळीत असतो. मंडळे, पदे, संमेलने, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मेस. तो तेथे केवळ ‘असत’ नाही. तेथे आपले काही तरी चालविण्याचा प्रयत्न करतो. खटल्याच्या घरातून आलेल्या या मुलाला दहा जणांचे जेवण उठविणे हा कारभाराचा स्वाभाविक मार्ग वाटतो. घरी हे चालते, कारण तेथे हिशेबामागे नाती असतात. वसतिगृहात ते चालत नाही. तो फसतो, देणे होते, वडिलांच्या पैशांवर आणि वडिलांच्या धाकावर येऊन आदळतो. या प्रकरणांचा विनोद वाचकाला आठवतो. परंतु त्या विनोदाखाली एक घट्ट सामाजिक निरीक्षण आहे : गावचे यजमानपद शहरात आणता येत नाही. गोडसे भटजींना झाशीत यजमान मिळाला. पांडुरंगाला पुण्यात यजमान मिळत नाही, म्हणून तो स्वतःच यजमान होऊ पाहतो, आणि बुडतो. त्याच्या उपहासाचे मूळ या बुडण्यात अधिक आहे, विश्वाच्या निरर्थकतेत कमी.

आणि ऐतिहासिक नगरीचे काय? पुणे हे पेशवाईचे, विद्येचे, चळवळींचे शहर. ‘कोसला’त इतिहास येतो तो मुख्यतः विडंबनाच्या रूपाने, दोन मित्र आपलाच वर्तमान काळ भावी इतिहाससंशोधकांच्या भाषेत पाहू लागतात. ही नुसती गंमत नव्हे. ज्या शहरात प्रत्येक वाड्याला इतिहास आहे तेथे खोलीक्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मुलाला इतिहास नाही. तो मिळविण्याचा त्याला एकच मार्ग दिसतो : स्वतःला उत्खननातील अवशेष कल्पणे. स्थानपोथीकाराने जे भक्तीने केले, म्हणजे कोणी कोठे बसले आणि कोठे निजले याची भविष्यासाठी नोंद, तेच येथे थट्टेने होते. थट्टा काढून टाकली तर उरणारी इच्छा एकच आहे.

‘कोसला’च्या भाषेविषयी, विशेषतः ‘वगैरे’ व ‘उदाहरणार्थ’ या दोन शब्दांविषयी, पुष्कळ लिहिले गेले आहे. ते बहुधा लकब म्हणून. भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे लकबीपेक्षा अधिक काही आहे. ‘उदाहरणार्थ’ हा बोलण्यातला शब्द नव्हे. तो व्याख्यानाचा, पाठ्यपुस्तकाचा, उतरवून घेतलेल्या टिपणांचा शब्द आहे. त्याचे कार्य असे की आधी सामान्य विधान यावे व मग त्याचे विशेष यावे. पांडुरंग सामान्य विधान गाळतो आणि ‘उदाहरणार्थ’ ठेवतो. स्वतःचे वयदेखील तो असे सांगतो की जणू ते कशाचे तरी उदाहरण आहे. कशाचे ते मात्र सांगत नाही. ‘वगैरे’चे कार्य याच्या उलट टोकाला आहे : यादी पुढे चालू आहे आणि ती श्रोत्याला ठाऊक आहे, असे तो शब्द सुचवितो. पांडुरंगाच्या तोंडी यादी एका पदार्थाची असते, आणि श्रोत्याला काहीच ठाऊक नसते. शहराने दिलेली समजावून सांगण्याची भाषा त्याने उचलली आहे, परंतु तिची दोन्ही टोके मोकळी सोडली आहेत. परगावच्या मुलाने नगरीच्या प्रमाणभाषेला दिलेले हे उत्तर आहे. त्याने आपली बोली पुढे केली नाही. नगरीचीच भाषा तिच्या सांध्यांतून खिळखिळी केली. हे सामर्थ्य थोर आहे, पण ते कोणाला शक्य होते हेही पाहावयास हवे. ज्याला ती भाषा आधी पुरती अवगत आहे आणि चुकल्यास घरी परतता येते, त्यालाच. पांडुरंगाच्या मागे सांगवीचे घर आणि शेतजमीन आहे.

नेमाड्यांच्या पुढच्या कादंबरीचे नावच ‘बिढार’ (१९७५) आहे. चांगदेव पाटील हा नायक मुंबईत आणि मग एकामागून एक गावांत बस्तान हलवीत जातो. ग्रांथिक प्रमाणभाषेतून मावळलेले जुने रूप येथे हेतुपूर्वक परत आणले आहे, कारण ‘बिऱ्हाड’ म्हटले की संसार आला, भांडीकुंडी आली, आणि चांगदेवापाशी त्यांपैकी काही नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या संन्यस्त भ्रमणाचा शब्द एका अध्यापकाच्या भटकंतीला लावण्यात जी विसंगती आहे तीच या शीर्षकाची अर्थवत्ता होय.

‘हॉस्टेल’ आणि ‘बोर्डिंग’ हे मराठीने घेतलेले दोन इंग्रजी शब्द. पाटीवर दोहोंसाठीही ‘वसतिगृह’च असते, तोंडी मात्र भेद पाळला जातो. महाविद्यालयाच्या आवारातील ते हॉस्टेल. शाळकरी, बहुधा गरीब, बहुधा एखाद्या संस्थेच्या किंवा सरकारच्या मदतीवर राहणाऱ्या मुलांचे ते बोर्डिंग. इंग्रजीत ‘बोर्ड’ या शब्दाचा या संदर्भातील अर्थ जेवण हा आहे. म्हणजे जो खोलीसाठी येतो त्याच्या जागेला एक नाव मिळाले आणि जो अन्नासाठीही येतो त्याच्या जागेला दुसरे. ही निवड कोणी जाणूनबुजून केली नाही. परंतु दया पवारांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) संगमनेरचे दिवस वाचताना ती आठवल्यावाचून राहत नाही. दगडूसाठी बोर्डिंग ही स्वातंत्र्याची पहिली जागा नाही, तसेच ती परात्मतेची जागाही नाही. तेथे ताट आहे आणि पुस्तक आहे, आणि दोन्ही मिळण्याच्या अटी आहेत. पांडुरंग मेसचा कारभारी होऊ शकतो. दगडू तेथे लाभार्थी आहे. एकाच्या हिशेबात तूट येते, दुसऱ्याच्या पानात. दोन्ही ग्रंथांत वसतिगृह आहे म्हणून ते एका वर्गात बसविणारी समीक्षा हा फरक पुसून टाकते.

‘बलुतं’चे निवेदनही याच जागेतून समजून घेता येते. त्यात दया पवार आणि दगडू असे एकाच माणसाचे दोन भाग परस्परांशी बोलतात. हे तंत्र कोठून आले याची चर्चा झाली आहे. बोर्डिंगात आणि शाळेत जो प्रमाणभाषा शिकला तो एक, आणि महारवाड्यातील व मुंबईच्या कावाखान्यातील बोली ज्याच्या अंगात आहे तो दुसरा, हा भेद मात्र निव्वळ तंत्राचा नाही. पांडुरंगाने प्रमाणभाषा खिळखिळी केली. दगडूला तिच्याशी आमनेसामने बसून बोलावे लागले. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, आणि ‘बलुतं’चा काही भाग त्यामुळेच अडखळत चालतो. हे अडखळणे दोष म्हणून नोंदविणाऱ्या समीक्षकांनी ते कोठे येते हेही नोंदविले असते तर बरे झाले असते.

वसंत मून यांच्या नागपूरविषयीच्या आत्मकथनाचे नाव ‘वस्ती’ (१९९५). महानुभावांची एका रात्रीची ‘वसति’, संस्थेच्या पाटीवरील ‘वसतिगृह’ आणि नागपुरातील ही ‘वस्ती’ हे तिन्ही एकाच धातूचे विस्तार. मून यांचे आत्मकथन आगमनाचे नव्हे; ते तेथेच जन्मलेल्या माणसाचे आहे. परंतु शहरातच असून शहराच्या कक्षेबाहेर गणल्या जाणाऱ्या जागेला जे नाव उरते ते ‘वस्ती’ होय, हे त्या शीर्षकाने एका शब्दात सांगितले आहे.

आता पुन्हा सालेकशाहून निघालेल्या विद्यार्थ्याकडे. तो नागपुरात येतो तेव्हा त्याचे पहिले वाक्यच त्याला उघडे करते. झाडीपट्टीच्या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’. वऱ्हाडीत त्याच ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘डोया’ ऐकू येतो. नागपूरच्या वसतिगृहात ‘डोया’ म्हणणारा ‘डोरा’ म्हणणाऱ्याला हसतो, आणि पुण्याच्या वसतिगृहात दोघांनाही हसले जाते. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने दोन्ही रूपे सारखीच नियमबद्ध आहेत. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडापासून (१९०५) या पूर्व विभागातील बोलींची नोंद उपलब्ध आहे. वसतिगृहात मात्र ध्वनिपरिवर्तनाला श्रेणी असते. ज्याची मायबोली गोंडी आहे त्याची गोष्ट आणखी वेगळी. तो हसण्याच्या श्रेणीतही नसतो. त्याने आपली भाषा खोलीबाहेरच ठेवलेली असते. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. मराठीशी तिचा शेजार शतकांचा असला तरी नाते कुळाचे नाही. त्यामुळे प्रमाण मराठीकडे तो बोलीच्या पायरीवरून येत नाही, पूर्ण दुसऱ्या घरातून येतो.

आणि ज्या नगरीत तो परका म्हणून येतो ती नगरी कोणाची? नागपूर अठराव्या शतकाच्या आरंभी, सामान्यतः १७०२ हे वर्ष धरले जाते, देवगडच्या बख्त बुलंद या गोंड राजाने वसविले. त्यानंतर चांद सुलतानाने ती राजधानी केली. भोसल्यांची सत्ता आली ती त्यानंतर. ‘वसविणे’ हे ‘वसणे’चे प्रयोजक रूप, म्हणजे ‘वसतिगृह’ ज्या कुळातले त्याच कुळातले. शहराच्या इतिहासग्रंथांत हे वाक्य पहिल्या प्रकरणात येते. वाङ्मयात ते कोठे येते? या लेखात विचारात घेतलेल्या एकाही ग्रंथात गोंड विद्यार्थी नागपुरात उतरत नाही. गोडसे भटजींना ग्वाल्हेरीत मराठी घर सापडले, कारण तेथे राज्य मराठी होते. नागपूरच्या महाल भागात गोंड राजाच्या स्मृती आहेत, पण तेथे त्याला ‘कुठे उतरलात?’ असे विचारणारे कोणी नाही.

त्याच्या घरच्या परंपरेत या प्रसंगाला शब्द नाहीत असेही नाही. मुरियांच्या ‘घोटुल’वर व्हेरिअर एल्विन यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४७ मध्ये आला, तरुणांनी एकत्र राहण्याच्या आणि शिकण्याच्या जागेला मराठीने उसने शब्द घेतले, परंतु गोंडसमूहांच्या भाषांत स्वतःचा शब्द होता. सालेकसा तालुक्यातच धनेगावजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेस निरनिराळ्या राज्यांतील गोंड समाज तेथे जमतो. गुहेत कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोने मुक्त केले आणि त्यांच्यापासून समाजाची रचना झाली, अशी तेथील परंपरा आहे. पौर्णिमेच्या त्या दिवसांत उलटा नगरप्रवेश घडतो. दुरून आलेले लोक डोंगराच्या पायथ्याशी उतरतात, आणि उतरवून घेणारे असतात ते सालेकशाच्या परिसरातील लोक. जो मुलगा नागपुरात नुसता ‘असतो’, तो येथे यजमान असतो.

अभ्यासक्रमाच्या दृष्टीने यातून एक साधी गोष्ट निघते. ‘कोसला’ ही वसतिगृहाची एकमेव कथा म्हणून शिकविली जाते, तेव्हा तिच्यातील परतीचा मार्गही सर्वांचा मानला जातो. पांडुरंग सांगवीला परततो. त्याचे परतणे हा पराभव असला तरी तेथे घर आहे, आणि घर त्याला परत घेते. दगडूला गावात तसे परतणे नाही, कारण गावकीने त्याला जी जागा दिली होती तिच्यापासून सुटण्यासाठीच तो बोर्डिंगात गेला होता. सालेकशाच्या विद्यार्थ्याच्या परतीचा प्रश्न या दोहोंहून निराळा आहे. त्याची भाषा नागपुरात लपली, आणि गावी परतल्यावर, वसतिगृहातील चार वर्षांनंतर, ‘डोरा’ म्हणताना तो क्षणभर थांबतो. तो क्षण मराठी गद्यात अद्याप लिहिला जावयाचा आहे. तोपर्यंत पदव्युत्तर वर्गात ‘कोसला’ शिकविताना शेजारी ‘स्थानपोथी’ आणि ‘बलुतं’ ठेवावी, आणि वर्गातील विद्यार्थी कोठून आले आहेत व येथे कोठे ‘असतात’ हे विचारून मगच पहिले प्रकरण उघडावे.